भिंतीतला ठोका कोणाच्या घरचा?

मुंबईच्या रे रोड भागातल्या एखाद्या जुन्या इमारतीत नळाला पाणी येते, तेव्हा ते मुकाट्याने येत नाही. आधी नळ फुरफुरतो, खाकरतो आणि मगच धार लागते. जवळच माझगावला भंडारवाडा टेकडीवर १८८४ साली बांधलेला जलाशय आहे. तेथून या भागाला ठरावीक वेळी पाणी सोडतात. पाणी गेले की नळ्यांत हवा शिरते आणि पाणी परतले की तीच हवा नळावाटे बाहेर पडते. हा आवाज निरुपद्रवी असतो.

पण भिंतीतून अचानक ‘धाड्‌’ असा ठोका ऐकू आला तर? तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, वरच्यांनी काहीतरी आपटले. वरच्यांना वाटते, आवाज पाचव्या मजल्यावरून आला. मग जिन्यात भांडण! असे का होते बरे?

वाहत्या पाण्याला वेग असतो. तोटी झटकन बंद केली की पुढचे पाणी थबकते आणि मागचे त्यावर आदळते. पाणी फारसे दबत नाही. त्यामुळे दाबाची लाट नळीतून उलट दिशेला धावते. याला जलाघात म्हणतात. लोखंडी नळीत या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १,३०० मीटर असतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोत नळांवर प्रयोग करून त्याचे गणित मांडले. पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि पाण्याचा थांबलेला वेग यांचा गुणाकार म्हणजे वाढलेला दाब. आकडे घालून पाहा. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल, तर १,००० × १,३०० × १ = १३ लाख पास्कल! वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ १३ पट. असे घाव रोज बसले तर सांधे सैल होणारच.

तोटी जितकी सावकाश मिटेल, तितका घाव सौम्य. चार-पाच फेरे फिरवावी लागणारी जुनी तोटी या बाबतीत गुणी म्हणायची! पाव फेऱ्यात मिटणारी तोटी आणि धुलाईयंत्रातली विजेवर चालणारी झडप या खऱ्या संशयित.

आता, आवाज भलत्याच घरी का ऐकू येतो? ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यातून १,५०० आणि लोखंडातून ५,००० मीटर. म्हणजे ठोका सगळ्या मजल्यांवर जवळजवळ एकदमच पोहोचतो. शिवाय नळी बारीक असल्याने ती एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. सतारीच्या तारेला भोपळा लागतो, तशी नळीला भिंत लागते. जिथे नळी पातळ भिंतीला घट्ट आवळलेली असते, तिथे आवाज सर्वांत मोठा. दोष मात्र दोन मजले दूर असू शकतो.

म्हणून कानावर विसंबू नका, वेळेवर विसंबा. एक वही करा. ठोका कधी झाला आणि त्या क्षणी कोणत्या घरी कोणता नळ मिटला, हे शेजाऱ्यांना विचारून टिपा. मग त्यांच्या संमतीने एका वेळी एकाच घराचा कॉक बंद ठेवा. ज्या दिवशी ठोके थांबतील, ते घर सापडले. सलग गुणगुण येत असेल, तर तोटीतला झिजलेला वायसर किंवा टाकीतला थरथरणारा बॉलकॉक तपासायला सांगा. नळीचा खडखड आवाज येत असेल, तर सैल क्लॅम्प शोधा.

लाकडी काठीचे एक टोक नळीला टेकवा आणि दुसरे कानामागच्या हाडाला. कानात मात्र घालू नका. पंपाच्या विजेच्या जोडणीपासून दूर राहा. रात्री सगळे नळ बंद असताना काठीतून बारीक ‘स्‌स्‌स्‌’ ऐकू आला, तर गळतीची शंका घ्यावी. पाणीखात्याची माणसेही रात्रीच्या शांततेत दांडा जमिनीवर टेकवून अशीच गळती शोधतात. आपल्याकडे तिचा धोका दुहेरी आहे. पाणी असताना ते वाया जाते आणि पाणी गेल्यावर रिकाम्या नळीत त्याच भोकातून गटाराची घाण ओढली जाऊ शकते.

खात्री करायची असेल, तर सगळे झोपल्यावर मोठ्या माणसाला गच्चीवरच्या टाकीतली पातळी मोजायला सांगा आणि पहाटे पंप सुरू होण्याआधी पुन्हा मोजा. पातळी उतरलेली दिसली, तर वहीसकट प्लंबरला गाठा.