कायद्यांतील पीएच्.डी.चा अर्ज



मी पडलों मॅट्रिक झालेला शाळामास्तर. कायद्यांतील या पदवीविषयीं बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, गेल्या पावसाळ्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी एल्एल्.एम्. होऊन पीएच्.डी.चा अर्ज लिहावयास माझ्या ओसरीवर येऊन बसली.

प्रथम नियम सांगतों. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें एल्एल्.एम्.ला किमान ५५ टक्के गुण हवेत. राखीव वर्ग, दिव्यांग व आर्थिक दृष्ट्या दुर्बल यांस पांच टक्क्यांची सवलत आहे. पुढें नेट परीक्षा किंवा विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, आणि मग मुलाखत. लेखी परीक्षा व मुलाखत यांचे गुण एकत्र धरतात तेथें प्रमाण ७० व ३० असें असतें. मुदत तीन ते सहा वर्षांची. प्राध्यापकास एका वेळीं आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चारच विद्यार्थी घेतां येतात. म्हणून आपल्या विषयाच्या मार्गदर्शकाकडे जागा आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

परंतु अर्जाचा प्राण म्हणजे संशोधनाचा आराखडा. तिनें विषय लिहिला होता, ‘स्त्रिया आणि मालमत्तेचा कायदा’. मीं विचारलें, “बाळ, यांत तुला ठाऊक नाहीं असें काय आहे?” ती घडाघडा सांगूं लागली: १९५६ चा हिंदु वारसा कायदा, २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस जन्मतः मुलाइतकाच मिळालेला हक्क, दुरुस्तीच्या दिवशीं वडील हयात असण्याची गरज नाहीं, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल.

“हें तर तुला ठाऊकच आहे!” मीं म्हटलें.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सर, कायद्यानें दिलेला वाटा बहिणी हक्कसोडपत्रानें भावांना परत देतात. तें समजून देतात काय?”

हा खरा प्रश्न! एक तालुका व दहा वर्षें ठरविलीं कीं नोंदलेलीं हक्कसोडपत्रें मोजतां येतात, त्यांत मोबदला लिहिला आहे काय हें पाहतां येतें, सह्या करणाऱ्या बहिणींना भेटतां येतें. उत्तर आधीं ठाऊक नाहीं, तें शोधण्यास साधन आहे, आणि काम मुदतींत होण्याजोगें आहे: आराखड्याच्या या तीन कसोट्या होत.

तिचा प्रश्न मात्र मला बोंचला. आमच्या आक्काकडून असाच कागद मीं करून घेतला होता. तिनें तो वाचला नाहीं. मींही वाचून दाखविला नाहीं. दिवाळींत ती आली तेव्हां तो कागद काढून मीं तिला अक्षर न् अक्षर वाचून दाखविला. ती म्हणाली, “तेव्हां वाचला असतास तरी मीं सही केलीच असती. पण मला विचारलेंस, असें तरी झालें असतें.”

विद्यार्थिनीची मुलाखत पुढल्या महिन्यांत आहे. निकाल कांहींही लागो. तिच्या प्रश्नाचें एक उत्तर माझ्या घरांतून तिला मिळालें आहे, आणि तें लिहून घेण्याची परवानगी आक्कानें स्वतः दिली आहे. या खेपेस मीं तिला आधीं विचारलें.