लाल काठ गेला कुठे?

मावशीच्या साठीला काढलेला तिचा फोटो मी हौसेनं ब्लॅक अँड व्हाइट केला. हिरवी साडी, लालभडक काठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. एक बटण दाबलं आणि काठ नाहीसा झाला! साडीभर एकच करडी छटा. मग कॉन्ट्रास्टची पट्टी पार उजवीकडे ओढली. चेहरा पिठासारखा पांढरा झाला, केसांचा काळा गोळा झाला, काठ काही परत आला नाही. "ही साडी मी नेसलेच नव्हते," मावशी म्हणाली.

रंग काढून घेतला की खाली आपोआप ब्लॅक अँड व्हाइट फोटो उरतो, हा यातला मूळ गैरसमज. खाली काहीच नसतं. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी 0 ते 255. त्यांचा एक आकडा कसा करायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. रूढ सूत्रात लालला सुमारे 30, हिरव्याला 59 आणि निळ्याला 11 टक्के वजन असतं, कारण आपल्या डोळ्यांना हिरवा सर्वांत उजळ वाटतो. आता गणित मांडा: निखळ लाल (255, 0, 0) म्हणजे 76. मध्यम गडद हिरवा (0, 128, 0) म्हणजे 75. झाली साडी आणि काठ एक!

कॉन्ट्रास्ट वाढवून हे सुटेल, हा दुसरा भ्रम. ती पट्टी करड्या छटांना एकमेकींपासून दूर ढकलते. पण ज्या दोन छटा मुळात सारख्याच आहेत, त्या ढकलूनही सारख्याच राहतात. वर उजळ भाग 255 ला आणि गडद भाग 0 ला जाऊन आपटले, की तिथला तपशील संपला. ठळकपणा आणायचा तो त्याआधी, रंग हाताशी असताना: लाल किती उजळायचा, हिरवा किती दाबायचा, हे वेगवेगळं ठरवून. (झाडांची पानं उजळायची तर हिरव्याबरोबर पिवळ्याची पट्टीही हलवून पाहा. पानांत पिवळा आपल्याला वाटतो त्याहून बराच जास्त असतो.)

"ही सगळी कंप्युटरची बनवाबनवी, जुने फोटो कसे खरे असत!" असंही ऐकू येतं. पण जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. तिच्यावर काढलेल्या फोटोंत कुंकू आणि ओठ काळे येत. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तेव्हा छायाचित्रकारांना भिंगापुढे हव्या त्या रंगाच्या काचा, म्हणजे फिल्टर, धरता येऊ लागल्या. 10 एप्रिल 1927 रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमध्ये अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं हाफ डोम या कड्याचा फोटो आधी पिवळ्या फिल्टरनं घेतला. आकाश मनासारखं गडद येणार नाही असं वाटून त्यानं उरलेल्या एका प्लेटसाठी (फिल्मऐवजी वापरायची काच) गडद लाल फिल्टर लावला. तो निळा प्रकाश अडवतो, म्हणून आकाश जवळजवळ काळं आलं.

असे फोटो पाहून आपली मंडळी जुलैत सह्याद्रीवर चढतात आणि काळं आकाश मागतात. ढगाळ आभाळात तिन्ही आकडे जवळपास सारखेच असतात. कुठलाही रंग दाबा, ते पांढरटच राहणार. निळं आकाश मात्र हवं तेवढं दाबता येतं, पण फार ओढलं तर दाणे आणि पट्टे उमटतात, जेपेगमध्ये तर लवकरच.

कॅमेऱ्यातच ब्लॅक अँड व्हाइट मोड लावणं वाईट नाही, नजर तयार होते. पण जेपेगमध्ये रंग कायमचे जातात. सोबत रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली मूळ माहिती) ठेवली तर तिच्यात ते शाबूत असतात.

मावशीचा फोटो मी पुन्हा केला. लाल उजळला, हिरवा दाबला: काळ्याभोर साडीवर शुभ्र काठ झळकला, त्वचा तुकतुकीत झाली. फोटो तिच्या हातात दिला तर ती म्हणाली, "माझं कुंकू कुठंय?" लालबरोबर तेही पांढरं पडलं होतं. मग उलट केलं. लाल दाबला, हिरवा उजळला. कुंकू काळं ठसठशीत, उजळ साडीवर काठही काळा. फक्त चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती उठून आली. तिनं चष्मा लावून आधी त्याच मोजल्या.