हवा कुठे हवी, कुठे नको?
बंद पडलेले ऑइल इंजिन पुन्हा सुरू करताना

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शिवारात काय, किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावी काय, एखाद्या आखाड्यावर पत्र्याखाली धूळ खात पडलेले जुने ऑइल इंजिन आपण पाहिलेच असेल. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या आणि इतर कारखान्यांच्या इंजिनांनी कित्येक विहिरींवरची मोट थांबवली. पुढे वीज आली, मोटारी आल्या, आता सौरपंपही आले. इंजिन कोपऱ्यात गेले.

पण गहू पोटरीत असताना नेमकी डीपी जळते आणि घरात कुणाला तरी इंजिनाची आठवण होते. मग चार तरणी पोरे आळीपाळीने हँडल मारतात. इंजिन फुर्रकन धूर टाकते, नाहीतर तेही नाही. शेवटी ते भंगारात जाते. खरे तर पुष्कळदा ते मेलेले नसते. त्याला काय झाले आहे हे क्रमाने पाहिले, तर एका साध्या प्रश्नाने बराच उलगडा होतो: हवा जिथे हवी तिथे आहे का, आणि नको तिथे शिरली आहे का?

आधी पाहा, मग फिरवा

उभ्या इंजिनाला गंज कसा लागतो? रात्री लोखंड थंड होते, हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. इंजिन थांबताना एखादी झडप उघडी राहिली असेल, तर ही दमट हवा थेट सिलिंडरात पोचते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांत जागा असते केसाएवढी. ती गंजाने भरली की दट्ट्या जाम होतो.

म्हणून पहिल्या दिवशी हँडलला हात लावू नये. हवा गाळणारी डबी उघडून पाहावी. तीत उंदराचे घर सापडते. धुराच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते. तेलपट्टी काढून वंगण पाहावे. ते ताकासारखे पांढुरके दिसले, तर त्यात पाणी आहे. ते सगळे बदलावे.

मग नोझल काढून त्या भोकातून थोडे इंजिन ऑइल व रॉकेल यांचे मिश्रण सिलिंडरात सोडावे आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. नंतर फ्लायव्हील हाताने थोडे पुढे, थोडे मागे असे हलवावे. घणाने ठोकू नये. कड्या बिडाच्या असतात. त्या ठोक्याने तुटतात.

चाक फिरू लागले की नोझल काढलेलेच ठेवून ते बऱ्याच वेळा फिरवावे, म्हणजे आत राहिलेले तेल बाहेर पडेल. हे का? हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. तेल आत असताना जोराने हँडल मारले, तर दट्ट्याचा दांडा वाकू शकतो. शिवाय ते तेल इंधनासारखे जळून इंजिन आवरेनासे होण्याचीही भीती असते. अशा वेळी इंधन बंद करून भागत नाही. हवा आत येण्याची वाट झाकावी लागते. त्यासाठी एक सपाट फळी आधीच जवळ ठेवावी.

हवा हवी : सिलिंडरात

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबल्याने ती तापते आणि तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. सायकलचा पंप मारताना त्याचे बूड गरम लागते, तोच हा परिणाम. अशा इंजिनात हवा साधारण सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. वरच्या वर्गातल्या मुलांना हे गणित देता येईल: ३०० केल्विन तापमानाची हवा उष्णता बाहेर न जाऊ देता एवढी दाबली, तर तापमान ३०० × १७^०.४, म्हणजे सुमारे ९३० केल्विन होते. सेल्सियसमध्ये हे साडेसहाशेच्या घरात जाते. प्रत्यक्षात ते बरेच कमी भरते, कारण भिंती गार असतात आणि कड्यांतून थोडी हवा निसटते. तरीही डिझेल पेटायला ते पुरते.

आता हळू हँडल मारल्याने इंजिन का सुरू होत नाही, हे कळेल. जितका वेळ जास्त, तितकी हवा अधिक निसटते आणि उष्णताही भिंतीत जाते. म्हणून झडप उघडी ठेवणारा खटका वर करून आधी चाकाला वेग द्यावा आणि मग खटका सोडावा. खटका खाली असताना चाक हाताने फिरवून पाहिले आणि कुठेच अडल्यासारखे वाटले नाही, तर हवा दाबलीच जात नाही असे समजावे. मग दोष झडपांत किंवा कड्यांत आहे. तिथे मिस्त्रीची गरज आहे.

हवा नको : डिझेलच्या नळीत

टाकीत वर्षानुवर्षे राहिलेले डिझेल चिकट होते. तळाशी पाणी साचते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढून काळपट गाळ होतो. म्हणून टाकी रिकामी करून धुवावी, फिल्टर नवा टाकावा, ताजे डिझेल भरावे.

एवढे करूनही इंजिन उठत नाही, कारण टाकी रिकामी करताना नळीत हवा शिरते. मिस्त्री म्हणतात, ‘इंजिनाने एअर घेतली.’ यात नेमके काय होते? पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला लिटरभराहून थोडे अधिक डिझेल पिते. मिनिटाला १५०० फेरे आणि दर दोन फेऱ्यांना एक फवारा, असा हिशेब केला तर एका फवाऱ्यात सुमारे २५ घनमिलिमीटर डिझेल येते. म्हणजे जेमतेम अर्धा थेंब! नोझल उघडायला वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाब लागतो. नळीत हवेचा बुडबुडा असला, तर पंपाचा सगळा रेटा तो बुडबुडा दाबण्यात संपतो. दाब नोझलपर्यंत पोचतच नाही. म्हणून फिल्टरपासून सुरुवात करून एकेक नट ढिला करावा, बुडबुडे संपून अखंड डिझेल येऊ लागले की तो आवळावा आणि पुढच्या नटाकडे जावे.

नोझलचा फवारा तपासताना त्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

हवा नको : पंपातही

इंजिन सुरू झाले, पण पाणी येत नाही, असे झाले तर पंप पाहावा. पंपातला पंखा आतले पाणी बाहेरच्या कडेला फेकतो, मध्ये दाब कमी होतो आणि विहिरीवरच्या वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. पंपात पाण्याऐवजी हवा असेल, तर ती पाण्याच्या सुमारे आठशे पटींनी हलकी असल्याने हा परिणाम नगण्य होतो. म्हणूनच पंपात पाणी भरून मग इंजिन लावतात. फूट व्हॉल्व्हचे चामडे वाळले असेल, तर भरलेले पाणी विहिरीत उतरते, ते बदलावे.

मालवणच्या समुद्रात पर्यटकांना फिरवणाऱ्या जलस्कूटरमध्येही असाच एक फिरता पंखा असतो. तो पाणी मागे फेकतो आणि स्कूटर पुढे जाते. तिचे इंजिन पेट्रोलचे असते, त्याला ठिणगी लागते आणि खारे पाणी गंजाला हातभार लावते, एवढाच फरक. पावसाळाभर पडून राहिलेल्या त्या यंत्रालाही हेच विचारावे लागते: चाक फिरते का, हवा दाबली जाते का, इंधन ताजे आहे का?

हवा हवी : आपल्याला

वातावरणाचा दाब पाणी फार तर सुमारे दहा मीटर चढवू शकतो, आणि तोही समुद्रसपाटीला. हिंगोलीचा परिसर साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे ही मर्यादा आणखी थोडी घटते. नळीतले घर्षण धरले, तर सहा-सात मीटर हाती लागतात. उन्हाळ्यात पाणी त्याहून खाली गेले की काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर आहे, पण जिवाच्या दृष्टीने अत्यंत घातक आहे. विहिरीत वारा खेळत नाही. इंजिन तिथला प्राणवायू वापरते आणि धुरातून कार्बन मोनॉक्साइड सोडते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. इंजिन बंद करायला उतरलेला माणूस चक्कर येऊन पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून इंजिन विहिरीत उतरवू नये, बंद खोलीतही चालवू नये.

वर्गात एक प्रयोग करावा. सुई नसलेली सिरिंज घ्या. आधी तीत हवा भरून तोंड बोटाने दाबा आणि दट्ट्या रेटा. मग पाणी भरून तसेच करा. हवा दबते, पाणी दबत नाही. मुलांनी हा फरक स्वतःच्या बोटाने अनुभवला, की मग त्यांना आखाड्यावरच्या इंजिनापाशी न्या आणि विचारा: यात हवा कुठे हवी, कुठे नको?