गळा एक, गिटार एक, माइक दोन

ड्रम, बास, कीबोर्डच्या गर्दीत गायकाच्या चार चुका खपून जातात. गाणारा एकटा आणि हातात त्याचीच अकूस्टिक गिटार असेल, तर लपायला जागाच उरत नाही. खुर्ची कुरकुरली तरी ऐकू येते, शर्टाचं बटण गिटारच्या पाठीला घासलं तरी.

खरी अडचण मात्र अंतराची. तोंड आणि गिटार यांच्यात जेमतेम अर्धा मीटर. गळ्यापुढच्या माइकात गिटार शिरते, गिटारपुढच्या माइकात गळा. आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. त्यामुळे तोच गळा दुसऱ्या माइकात तेवढा उशिरा पोहोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ५००, १५००, २५०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना कापतात आणि भरदार गळा पोकळ वाटू लागतो.

सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: आधी गिटार वाजवून घ्या, मग हेडफोन लावून गा. काम सुटसुटीत होतं, पण गाणं जातं. स्वतः वाजवत गाणारा माणूस ओळीच्या शेवटी किंचित रेंगाळतो, श्वास घेताना हात हलका करतो. हे आधी वाजवून ठेवता येत नाही. माझं मत विचाराल तर अशा गायकाला एकदमच रेकॉर्ड करावं.

त्यासाठी कामाला येतो तो फिगर-ऑफ-एट माइक. तो पुढचं आणि मागचं ऐकतो, दोन्ही कुशींना जवळजवळ बहिरा असतो. हा बहिरेपणाच इथे कामाचा. गळ्याच्या माइकचं तोंड कपाळाच्या दिशेने थोडं वर करायचं, म्हणजे त्याची बहिरी बाजू गिटारकडे येते. गिटारचा माइक थोडा खाली झुकवायचा, म्हणजे त्याची बहिरी बाजू ओठांकडे. मग हेडफोन लावून बोटभर इकडे, बोटभर तिकडे. गिटारच्या भोकासमोर मात्र माइक लावू नये. तिथली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि सगळं भोंभों होतं. बाराव्या फ्रेटसमोर, वीस-तीस सेंटिमीटरवर तारा स्वच्छ ऐकू येतात. त्याहून जवळ गेलात तर या जातीच्या माइकात खर्ज फुगतो.

एवढं करूनही थोडी सरमिसळ राहतेच, आणि तिची किंमत मोजावी लागते. एक ओळ बेसूर लागली तर संगणकावर ती सुरात आणता येत नाही, कारण गिटारच्या ट्रॅकमध्ये तीच बेसूर ओळ शिल्लक असते. दोन्ही एकदम ऐकू येतात. मग पुन्हा पहिल्यापासून टेक.

गाणारा तयारीचा असेल तर हे ओझं वाटत नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये गायक-गिटारवादक निक ड्रेक लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत आला. सोबत फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड. ‘पिंक मून’ हा अख्खा अल्बम दोन रात्रींत झाला. लांबी अर्ध्या तासाच्याही आत. गळा आणि गिटार यांच्याखेरीज त्यात आहे तो शीर्षकगीतावर नंतर चढवलेला थोडासा पियानो, तोही त्यानेच वाजवलेला.