अनंत मितींतला हंस

एम.एस्सी.ला फंक्शनल अ‍ॅनालिसिस शिकायला घेतलं की आधी एक गोष्ट मनात रुजवावी लागते: इथे आख्खं फलन म्हणजे फक्त एक बिंदू. तारेचा एखाद्या क्षणीचा आकार किंवा सळईभर पसरलेलं तापमान म्हणजे एकेक ठिपका. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजता येतं, दोन फलनं एकमेकांना काटकोनात असू शकतात. शाळेतली भूमिती पुन्हा भेटते.

आणि मग ती चकवते. १ त्रिज्येचा भरीव गोल घ्या. एकमेकांपासून किमान √२ अंतरावर राहतील असे त्यात फार तर सहा बिंदू मावतात. आता फलनांच्या हिल्बर्ट अवकाशातला (म्हणजे जिथे अंतर आणि कोन दोन्ही मोजता येतात अशा अवकाशातला) तसाच गोल घ्या. साइन क्ष, साइन २क्ष, साइन ३क्ष... या लहरी योग्य गुणकाने एकक लांबीच्या केल्या की सगळ्या त्या गोलाच्या पृष्ठभागावर बसतात. कुठल्याही दोन काटकोनात, म्हणून पायथागोरसप्रमाणे अंतर √२. अनंत बिंदू, तेही एवढ्याशा गोलात, आणि एकही दुसऱ्याच्या जवळ नाही! सिद्धता दोन ओळींची आहे, पण मला ती आजही थक्क करते.

इथूनच या विषयाचा खरा प्रश्न उभा राहतो. अनंत मितींमधलं गणित मोजक्या मितींच्या गणिताने हवं तितकं जवळ गाठता येतं का?

पोलंडमधल्या ल्वूव शहरात (आज ते युक्रेनमधलं ल्विव) स्टेफान बानाख आणि त्याचे सहकारी स्कॉटिश कॅफेत बसून अशाच प्रश्नांवर वाद घालत. बानाखचा पायाभूत ग्रंथ १९३२चा. १९३५पासून कॅफेतल्या एका वहीत प्रश्न उतरवले जाऊ लागले, काहींना बक्षिसंही लागली. ६ नोव्हेंबर १९३६ रोजी स्टानिस्लाव माझूरने १५३ क्रमांकाचा प्रश्न लिहिला. वरवर तो संतत फलनांविषयीचा, पण त्याच्या मुळाशी हीच शंका होती. बक्षीस: एक जिवंत हंस.

मग महायुद्ध आलं. उवांपासून टायफसची लस बनवणाऱ्या ल्वूवच्या संस्थेत बानाख स्वतःच्या रक्तावर उवा पोसत राहिला. १९४५मध्ये तो गेला. प्रश्न उरला.

१९७२मध्ये स्वीडनच्या पेर एनफ्लोने उत्तर शोधलं: नाही. त्याने असं एक बानाख अवकाश (अशा अवकाशात अंतर मोजता येतं, पण कोन असतीलच असं नाही) रचलं, जिथे मोजक्या मितींची ही वाट खुंटते. वॉर्सात माझूरने स्वतः त्याच्या हाती हंस दिला.

हिल्बर्ट अवकाशात मात्र उत्तर 'हो' असतं, आणि आपलं केवढं तरी काम त्यावर चालतं. पुलाच्या तुळईवरचा ताण काढताना संगणक तुळईचे लहान लहान तुकडे पाडतो आणि अनंत मितींचं समीकरण काही हजार अज्ञातांवर आणतो. तुकडे बारीक करत गेलं की उत्तर खऱ्या उत्तराकडेच सरकतं, याची हमी हिल्बर्ट अवकाशातली प्रमेयं देतात.