पुरीम आणि होळी शेजारीशेजारी का येतात?

दोस्तांनो, 2025 सालची होळी आठवतेय? 13 मार्चच्या रात्री होळी पेटली आणि 14 तारखेला धुळवड झाली. त्याच 13 मार्चच्या संध्याकाळी आपल्या महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल लोकांचा पुरीम नावाचा सणही सुरू झाला. 2024 मध्ये या दोन सणांत एकाच दिवसाचा फरक होता. 2026 मध्ये मार्चच्या 3 तारखेच्या आसपास पुन्हा हीच जोडी! दरवेळी असा योगायोग कसा होईल? कोकणातल्या जुन्या बेने इस्राएल मंडळींनी तर पुरीमला ‘होळीचा सण’ असंच म्हणायला सुरुवात केली होती.

बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातली सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत गोष्ट आहे. ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद, कारण तो त्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवे गावचे ते दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. अलिबागेत त्यांच्या वस्तीची इस्राएल आळी आहे आणि तिथलं प्रार्थनालय 1848 सालचं आहे.

आता पुरीम आणि होळीचं कोडं सोडवायला आपण चेन्नईला जाऊ. हो, थेट नुंगंबाक्कमला! तिथे हवामान खात्याच्या आवारात ग्रॅनाइटचा एक उंच खांब उभा आहे. उंची साधारण 15 फूट, वजन जवळपास 10 टन. 1792 साली इथे मद्रास वेधशाळा उभी राहिली, तेव्हाचा हा खांब. तारे याम्योत्तर वृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतात तो क्षण टिपणारी दुर्बीण त्यावर बसवलेली असे. दुर्बिणीला जरासुद्धा हादरा बसू नये, म्हणून एवढा जाडजूड दगड!

याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी काम करायचे. 1867 साली त्यांनी आर रेटिक्युली नावाचा रूपविकारी तारा शोधला. रूपविकारी म्हणजे ज्याचं तेज कमीजास्त होतं असा. पण मला त्यांचं दुसरं काम फार मोठं वाटतं. पंचांगातलं गणित आणि आकाशात प्रत्यक्ष दिसणारा चंद्र यांचा मेळ बसायलाच हवा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी तसं पंचांग तयार करून छापलंसुद्धा. सण कोणत्या दिवशी येणार हे शेवटी आकाशच ठरवतं, नाही का?

आकाश ते कसं ठरवतं, बघा. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. असे बारा महिने झाले की होतात 354 दिवस. सूर्याचं वर्ष मात्र 365 दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवस कमी पडतात! हा फरक भरून काढलाच नाही, तर सण ऋतू सोडून सरकत राहतात. मोहरम असाच कधी पावसाळ्यात, कधी हिवाळ्यात येतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

ज्यूंना त्यांचा पेसाह हा सण वसंतातच हवा असतो आणि आपल्याला दिवाळी शरदात. म्हणून दोन्ही कालगणनांनी एकच युक्ती केली. अधूनमधून एक जादा महिना घालायचा. आपण त्याला अधिक मास म्हणतो. ज्यूंच्या अशा जादा महिन्याच्या वर्षात अदार हा महिना दोनदा येतो. पुरीम असतो अदारच्या 14 तारखेला, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर, आणि होळी फाल्गुन पौर्णिमेला. अदार आणि फाल्गुन हे बहुतेक वर्षी एकाच चंद्राचे महिने असतात, म्हणून हे दोन सण शेजारी!

पूर्वी जेरुसलेममध्ये साक्षीदार येऊन सांगत, “आम्ही नवी चंद्रकोर पाहिली.” साक्ष पटली की नवा महिना सुरू. मग डोंगरांवर जाळ पेटवून ती बातमी दूरवर पोचवली जाई. काय दृश्य असेल ते! पुढे ज्यू जगभर पांगले आणि ठरावीक गणित आलं. 19 वर्षांत 7 वेळा जादा महिना घालायचा. का 19? कारण 19 सौरवर्षं आणि चंद्राचे 235 महिने यांच्यात फक्त दोन तासांच्या आसपास फरक उरतो. आहे ना कमाल?

आपलं पंचांग हे वेगळ्या रीतीने करतं. ज्या चांद्रमासात सूर्य एका राशीतून दुसरीत जातच नाही, तो अधिक मास. म्हणजे दोघांची युक्ती एक, पण ती वापरायची वेळ निराळी. 2026 साली हेच घडतं. आपला अधिक ज्येष्ठ 17 मेपासून 15 जूनपर्यंत येतो. ज्यूंचा जादा अदार थेट 2027 च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात दोन्ही कालगणना एक महिना पुढेमागे चालतात. ज्यूंचं नवं वर्ष, रोश हशाना, 2025 साली घटस्थापनेच्याच संध्याकाळी, 22 सप्टेंबरला सुरू झालं होतं. 2026 मध्ये ते 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होतं, म्हणजे गणपतीच्या तीन दिवस आधी!

त्या संध्याकाळी आणखी एक गंमत पाहायला मिळेल. ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. 11 सप्टेंबरला नुंगंबाक्कममध्ये सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो आणि अलिबागला पावणेसातला. म्हणजे नवं वर्ष चेन्नईत अर्धा तास आधी! पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात आणि या दोन गावांच्या रेखांशांत साडेसात अंशांच्या आसपास अंतर आहे. करा गुणाकार. पूर्वी ही दोन वेगळी घड्याळंच होती. मद्रासची वेळ ग्रीनिचच्या 5 तास 21 मिनिटं पुढे, मुंबईची 4 तास 51 मिनिटं. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, पण सूर्य काही घड्याळाकडे बघून मावळत नाही.

आणि हो, चेन्नईलाही ज्यू नवे नाहीत. सतराव्या शतकात युरोपातून आलेले ज्यू व्यापारी तिथे पोवळी आणून हिरे नेत असत. 1688 साली मद्रासची नगरपालिका झाली, तेव्हा तिच्या सभासदांत ज्यू व्यापारीही होते.

आता पुढचे सण सांगतो. रोश हशानाला मेंढ्याचं शिंग फुंकतात, त्याला शोफार म्हणतात. 20 सप्टेंबर 2026 च्या संध्याकाळी योम किप्पूरचा कडक उपास सुरू होतो, पंचवीस तास पाण्याचा थेंबही नाही. 4 डिसेंबरपासून हनुक्का, आठ रात्री दिव्यांच्या. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे दिवे वाढत जातात. या आठ रात्रींच्या मधोमध अमावास्या येते. वर्षातल्या काळोख्या रात्री निवडून तिथे दिवे लावणाऱ्या या सणावर माझं विशेष प्रेम आहे.

मग 23 जानेवारी 2027 ला तू बिश्वात, झाडांचा सण. तोही पौर्णिमेच्याच सुमाराला. त्या वेळी बेने इस्राएल कुटुंबं अलिबागजवळच्या खंडाळे गावी जमतात. तिथे एका खडकावर एलियाहू पैगंबराच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. पोहे, ओलं खोबरं, गूळ आणि फळं घालून मलिदा करतात आणि सगळ्यांना वाटतात. जगातले बाकीचे ज्यू हा सण असा मलिदा करून साजरा करत नाहीत. ही रीत बेने इस्राएलांची.

त्यानंतर जादा अदार येतो आणि चुकामूक संपते. 2027 मध्ये धुळवड 22 मार्चला आणि पुरीम त्याच संध्याकाळी सुरू!

आता तुमची पाळी. ज्यू वर्षाला 19 ने भागा. बाकी 0, 3, 6, 8, 11, 14 किंवा 17 उरली, तर ते वर्ष तेरा महिन्यांचं. 2026 च्या सप्टेंबरात 5787 वर्ष लागतं, त्याची बाकी उरते 11. तर 5787 नंतरचं पुढचं तेरा महिन्यांचं वर्ष कोणतं? गणित करा आणि उत्तर आम्हाला पोस्टकार्डावर पाठवा.