पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही

"पंखा तं फिरून राहिला, मंग चालू काहून होऊन नाही राहिलं?" बडनेऱ्यात घरच्या घरी कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्याच्या तोंडून पहिल्याच संध्याकाळी हा प्रश्न निघण्याची शक्यता बरीच. प्रा. राम मेघे यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज इथे १९८३ पासून आहे. त्यामुळे जुनी वस्ती असो की नवी वस्ती, स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेली पोरं सापडतातच. सुटे भाग कुरिअरने येतात, नाहीतर कोणी नागपूरहून येताना गाडीत घेऊन येतो. सगळं जोडून बटण दाबलं की पंखे फिरतात, रंगीत दिवे लागतात आणि मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणून काळाच राहतो. मग निदानाला वेळ लागत नाही: मदरबोर्ड गेला.

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. नव्या जोडणीत एखादा भाग मुळातच मेलेला निघतो, पण क्वचित. अर्धवट बसलेला, चुकीच्या जागी लावलेला किंवा जोडायचा राहून गेलेला भाग त्याहून कितीतरी जास्त वेळा सापडतो. म्हणून सुटा भाग परत पाठवण्याआधी हे गैरसमज एकेक करून तपासलेले बरे.

पहिला गैरसमज पंख्याचाच. पंखा फिरला म्हणजे सगळीकडे वीज पोहोचली, असं धरलं जातं. वास्तविक पंख्याला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो. प्रोसेसर जिवंत आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एसएमपीएस सुरू झाल्यावर सगळे व्होल्टेज स्थिर झाले की तो मदरबोर्डला 'पॉवर गुड' नावाचा ५ व्होल्टचा इशारा देतो. हा इशारा साधारण सेकंदाच्या एक दशांश ते अर्ध्या भागात येतो, आणि तोवर प्रोसेसर रिसेटमध्ये अडकून राहतो. पंखे मात्र त्याआधीच गरगरायला लागलेले असतात.

यातली सगळ्यात नेहमीची चूक मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सापडते. २४ पिनची मोठी वायर सगळे लावतात, कारण ती डोळ्यात भरते. प्रोसेसरला वेगळी वीज देणारी ४ किंवा ८ पिनची वायर कूलरच्या आड, कॅबिनेटच्या अगदी कडेला असते, तिथे बोटं शिरत नाहीत, आणि ती राहून जाते. ती नसली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, फक्त प्रोसेसर उपाशी राहतो. काही जण ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची वायर तिथे कोंबायला बघतात. दोन्हींच्या पिनांचा आकार नि मांडणी वेगळी असते. सहज जात नसेल तर जोर लावू नये, वायरीवर 'सीपीयू' छापलेलं आहे का ते पाहावं.

'एसएमपीएस कमी वॅटचा घेतला म्हणून चालू होत नाही' हे दुकानांतही ऐकू येतं. पण घरगुती मशीन सुरू होताना गेमच्या मानाने फारच कमी वीज घेते. वॅट कमी पडले तर ते गेम सुरू केल्यावर, ग्राफिक्स कार्डावर भार आल्यावर कळतं; मशीन मध्येच बंद पडते. पहिला डिस्प्लेच येत नसेल तर कारण बहुधा दुसरीकडे असतं. पंखासुद्धा हलत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी एसएमपीएसच्या मागचा स्विच बघावा. मग कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डवर बरोबर दोन पिनांवर बसली आहे का ते बघावं. त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि मशीन सुरू झाली, तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरीचा. या वायरीला उलटसुलट नसतं. उलटसुलट असतं ते दिव्यांच्या वायरींना.

मॉनिटरची केबल हे आणखी एक फसवं ठिकाण. मदरबोर्डवर एचडीएमआयचं छिद्र दिसलं म्हणून तिथे चित्र येईलच असं नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर केबल कार्डालाच लावायची. इतकी क्षुल्लक गोष्ट, पण या एका छिद्रापायी दुकानाच्या फेऱ्या होतात.

आता रॅम. आपल्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे रॅम काढायची, सोनेरी पट्टी खोडरबरने घासायची आणि परत लावायची. हा इलाज कित्येकदा लागू पडतो, म्हणून त्याची कीर्ती टिकून आहे. जुन्या, धूळ खाल्लेल्या रॅमवर रबराने मळ निघतो हे खरं. नव्या कोऱ्या रॅमवर मात्र गुण रबराचा नसतो, काढून पुन्हा दाबून बसवण्याचा असतो. स्लॉटला नव्या मदरबोर्डवर बऱ्याचदा एकाच बाजूला खटका असतो. तो लागला की दोन्ही बाजू बसल्या असं वाटतं आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. तेवढं पुरतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून टक आवाज येईपर्यंत दाबावं, आणि नव्या रॅमचा पातळ सोन्याचा मुलामा रबराने घासू नये.

चार स्लॉट असतील आणि रॅमच्या दोनच पट्ट्या असतील तर त्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये लावायचा मोह होतो. बहुतेक बोर्डांना त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्या असतात. तरीही डिस्प्ले नसेल तर एकच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघायची.

डीडीआर५ रॅमने एक नवी भानगड आणली आहे. एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या एएम५ बोर्डावर पहिल्यांदा मशीन सुरू केली की बोर्ड रॅमची पारख करत बसतो. त्यात काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ पडदा काळा असतो. अधीर माणूस अर्ध्या मिनिटात बटण दाबून मशीन बंद करतो, पुन्हा सुरू करतो, पारख पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा चहा ठेवावा आणि दहा मिनिटं हात लावू नये.

'विंडोज टाकलं नाही म्हणून स्क्रीन येत नाही' हे सर्रास ऐकू येतं आणि साफ चूक आहे. डिस्क नसली तरी बायोसचं पान दिसायला हवं. ते दिसून पुढे 'बूट डिव्हाइस' सापडत नाही असा संदेश आला, तर अभिनंदन करायला हरकत नाही. हार्डवेअर जागं झालं आहे, आता पेन ड्राइव्ह लावा. बायोसवर आळ येतो तो एका बाबतीत खरा ठरतो. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असेल तर बोर्ड त्याला ओळखत नाही. २०१८ चा बी४५० बोर्ड आणि २०२० च्या अखेरीस आलेले रायझन ५००० प्रोसेसर, किंवा इंटेलचा बी६६० बोर्ड आणि तेराव्या पिढीचा प्रोसेसर, या जोड्यांना बायोस अपडेट लागतं. काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून ते करता येतं. नाहीतर जुन्या प्रोसेसरवाल्या दुकानदाराला गाठावं लागतं.

मशीन स्वतःही सांगते की ती कुठे अडली. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून, सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप वाजायची. आता बऱ्याच बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो दिवा लागून राहतो तिथे गाडी थांबलेली असते. दिव्याजवळची बारीक अक्षरं वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो, पण तेवढ्या कष्टात अर्धा गोंधळ मिटतो.

वऱ्हाडाचा म्हणून एक खास गैरसमज आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, 'एसएमपीएस शॉर्ट झाला, करंट येऊन राहिला.' एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. प्रवाह फारच कमी असतो, पण बोटाला चावतो. म्हणजे दोष घराच्या अर्थिंगचा असतो. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या छिद्रामागे वायर नसते. जिथे आहे तिथेही उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर गेला की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत राहावं लागतं. चावा जोराचा असेल तर मात्र इलेक्ट्रिशियनलाच बोलवावं.

कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीजही वाढते. माणसाला तिचा चटका साधारण ३००० व्होल्टपासून कळतो, चिप मात्र त्याहून कितीतरी कमी व्होल्टला बिघडू शकते. रॅम हाताळण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावणं हा त्यावरचा साधा उपाय आहे. हवेच्या कूलरसमोर बसून जोडणी केली म्हणून मशीन चालू होत नाही, हे मात्र उगाच. पाण्याचे थेंब उडत नसतील तर चिंता नको.

या सगळ्यात घरातून एक टोमणा ठरलेला: 'कंपनीचा घेतला असता तं ही पाळी आली नसती.' असेंबल केलेलं म्हणजे दुय्यम, हा समज बडनेऱ्याच्या पश्चिमेला रेल्वेमार्गावरच असलेल्या मूर्तिजापूर परिसराने तरी बाळगू नये. त्याच तालुक्यातल्या मुरंब्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर पुण्यात सी-डॅकचे प्रमुख होते, तेव्हा १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. तो ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपा जोडून बनवलेला होता.

एवढं करूनही बोर्डावरचा अडलेला दिवा पुढे सरकत नसेल तर मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवावा. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस जोडायचा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. बाहेर चालला आणि आत चालला नाही, तर बोर्डाखाली नको त्या जागी लागलेला पितळी खुंटा मागच्या बाजूला टेकत असतो. बाहेरही चालला नाही, तर मित्राकडची रॅम आणि एसएमपीएस एकेक करून लावून बघायचे. तेव्हाच भाग खरोखर मेलेला ठरतो आणि वॉरंटीचा प्रश्न येतो. परत पाठवण्याआधी सॉकेटमधल्या पिनांचा जवळून फोटो घ्यावा आणि सॉकेटवर प्लॅस्टिकचं झाकण बसवूनच बोर्ड पाठवावा. पिना वाकलेल्या निघाल्या तर कंपन्या सहसा वॉरंटी नाकारतात, आणि त्या घरी वाकल्या की वाटेत, हे नंतर सिद्ध करणं अवघड जातं.